गंडीपेटच्या आधीचे विश्वेश्वरय्या

हैदराबादेत वाढलेल्या आपल्या मंडळींना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ठाऊक असतात ते मुसीच्या पुरामुळे. २८ सप्टेंबर १९०८ चा महापूर, त्यानंतर उस्मानसागर म्हणजे आपले गंडीपेट, आणि मग हिमायतसागर. पण निजाम सरकारने बोलावले त्याआधी त्यांची जवळजवळ पंचवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या नोकरीत गेली होती, आणि त्यातला बराच काळ पाण्याची टंचाई असलेल्या मुलखात. त्या काळाबद्दल फारसे बोलले जात नाही, म्हणून हा लेख.

जन्म चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचा, १५ सप्टेंबरचा. हाच दिवस आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. वडील लवकर गेले. बंगळुरात शिकवण्या करून शिक्षण झाले. मग म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि १८८३ मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नेमणूक झाली. नाशिक, खानदेश, धुळे अशा बदल्या होत गेल्या. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हा क्रम ओळखीचा वाटतो.

पुढे त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सक्करची गंमत अशी की सिंधू नदी गावाला लागूनच वाहते, पण आजूबाजूला जवळपास वाळवंट आणि नदीचे पाणी गाळाने गढूळ. ते गाळून घ्यायला मोठे हौद बांधायचे तर नगरपालिकेच्या तिजोरीत तेवढे पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली आणि वाळूखालून बोगदा नेऊन तिला जोडला. पात्रातली वाळूच गाळणीचे काम करू लागली. झिरपून आलेले स्वच्छ पाणी पंपाने टेकडीवर चढवायचे आणि तिथून गावाला द्यायचे. १८९५ मध्ये ही योजना सुरू झाली. पैसे नाहीत म्हणून फाईल बंद करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. इथे पैशांच्या अडचणीतूनच स्वस्त उपाय निघाला.

तोच धडा अकरा वर्षांनी एडनला उपयोगी पडला. एडन इंग्रजांचे महत्त्वाचे बंदर, कारभार मुंबईकडे. काळे उघडे डोंगर, वर्षाला जेमतेम काही इंच पाऊस. डोंगरात कोरलेली जुनी टाकी होती, पण पाऊसच पडला नाही तर ती भरणार कशी? समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून प्यायचे पाणी मिळवावे लागे, आणि ते महाग पडे. १९०६ मध्ये पाणीपुरवठा आणि सांडपाणी या दोन्हींची योजना आखण्यासाठी विश्वेश्वरय्या तिथे गेले. त्यांनी गावात पाणी शोधत बसण्याऐवजी आतल्या भागाकडे, लहेजच्या बाजूला पाहिले. तिकडे पाऊस बरा पडत होता. त्या बाजूच्या नदीच्या कोरड्या पात्राखाली झिरपलेले पाणी विहिरींनी घ्यावे आणि पंपाने एडनला आणावे, अशी त्यांची शिफारस होती. त्याच वर्षी सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले.

या दोन कामांच्या मधली काही वर्षे पुण्याची. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठराविक पातळीपर्यंत अडायचे, त्यावर चढले की दारे आपोआप उघडायची, उतरले की मिटायची. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. पेटंट घेतले, पण सरकारी कामातून लागलेला शोध म्हणून मोबदला घेतला नाही. पुढे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावरही अशी दारे बसली.

माझ्या मते मात्र त्यांचे सर्वांत अवघड काम दारांचे नव्हे, माणसांचे होते. दख्खनच्या अवर्षणी पट्ट्यात नीरा कालवा होता, पण पाणी वाटण्याची रीत वाईट. उसाची शेते इकडे एक, तिकडे एक. त्या तुकड्यांसाठी पाणी मैलोगणती धावायचे आणि वाटेतच जिरायचे. जिथे पाणी भरपूर तिथे जमिनी पाणथळ होत आणि हिवताप पसरे. चांगला पाऊस झाला की शेतकरी कालव्याचे पाणी घेतच नसत, आणि सरकारचा खर्च अंगावर पडे. सिंचन आयोगाने याबद्दल विचारणा केली. आयोगाचे अध्यक्ष सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांनी इजिप्तमधले कालवे सांभाळले होते, तेव्हा त्यांना कोरड्या देशाचे पाणी कळत होते.

विश्वेश्वरय्यांनी सुचवली ती गट पद्धत. लागून असलेल्या शेतांचा एक गट करायचा, त्याला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची. गटातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस, बाकीत कमी पाण्याची पिके, आणि ही पाळी दरवर्षी फिरवायची. म्हणजे तेच पाणी अधिक घरांत पोचेल. शेतकऱ्यांनी विरोध केला. ज्यांना वर्षभर ऊस पिकवायची सवय, त्यांना पाळी नकोच होती, आणि सरकार जमीन बळकावणार अशी शंकाही होती. विश्वेश्वरय्यांनी बैठका घेऊन हिशेब समजावून सांगितला. पद्धत सुरू झाली, पण पुढच्या काळात ऊस पुन्हा पसरला. मराठवाड्यातल्या शाखेत असताना माझ्या टेबलावर बोअरवेलच्या कर्जाचे अर्ज येत. एकाच शिवारात सहा-सात बोअर, आणि प्रत्येकाला खाली ऊसच हवा. मंजुरीवर मीही सह्या केल्या आहेत.

१९०८ मध्ये ते नोकरी सोडून परदेशात फिरत होते, तेव्हा हैदराबादचा निरोप आला. मुसीच्या खोऱ्यातली शेकडो तळी त्या पुरात फुटली होती. त्यांनी एप्रिल १९०९ मध्ये काम हाती घेतले आणि पुराचे पाणी वरच्या बाजूलाच अडवण्यासाठी मुसीवर व ईसीवर दोन मोठे साठे सुचवले. त्यांतून शहराला प्यायचे पाणीही मिळणार होते. नोव्हेंबरात ते म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून गेले. तिथला कृष्णराजसागर आणि दिवाणगिरी आपल्याला माहीत आहेच. उस्मानसागर १९२० मध्ये, हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, आणि १९६२ मध्ये शंभरी ओलांडल्यावर ते गेले.

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतो. परवा रांगेत उभ्या असलेल्या नातवाने विचारले, आजोबा, गंडीपेट कुणी बांधले? त्याला मी सक्करपासून सांगायला सुरुवात केली.