डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी : एक स्मरण

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. अहिल्याबाई झाल्या, सावित्रीबाई झाल्या, रमाबाई रानडे तर दोनदा झाल्या. यंदा चिटणीस बाईंनी ते काम माझ्यावर सोपविले, तेव्हा मी मद्रासकडच्या एका डॉक्टरीणबाईंचे नाव सांगितले. त्या म्हणाल्या, इतक्या लांबचे कशाला? त्यांना त्या वेळी मी नीटसे उत्तर दिले नाही. ते येथे देते.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका संरक्षणगृहातील अधीक्षिका आपल्या शिवणवर्गासाठी एका मुलीचे नाव घेऊन आल्या होत्या. मुलगी एकोणीस वर्षांची. पोलिसांनी तिला जिथून सोडविले होते, ते बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले. कार्यकारिणीत अर्धा तास कुजबूज झाली आणि वर्ग भरला आहे असे त्यांना कळविण्यात आले. वर्ग भरलेला नव्हता. दोन यंत्रे मोकळी होती. त्या बैठकीला मी हजर होते आणि एक अक्षर बोलले नाही. पुढे केव्हा तरी वाचनालयात डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्याविषयी वाचत बसले असता एका ठिकाणी माझे बोट पानावरच थांबले. ते ठिकाण ओघाने येईलच.

मुत्तुलक्ष्मीबाईंचा जन्म ३० जुलै १८८६ रोजी पुदुकोट्टै संस्थानात झाला. हे त्रिचनापल्लीच्या दक्षिणेस असलेले एक लहानसे तमिळ संस्थान. वडील नारायणस्वामी अय्यर विद्वान ब्राह्मण. तेथील महाराजा कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले होते. आई चंद्रम्माळ या देवदासी समाजातील. या विवाहामुळे वडिलांच्या नातलगांनी त्यांच्याशी संबंध तोडले. म्हणजे घरात पुस्तके होती, मायाही होती; पण वाड्यात कोणाच्या हळदीकुंकवाला जावे आणि कोणाच्या जाऊ नये, हे त्या मुलीला न सांगता कळत असले पाहिजे. पुढे त्यांनी जे केले त्याचे मूळ मला तरी तेथेच दिसते.

देवदासी म्हणजे काय, हे आपल्याकडे फारसे समजावून सांगावे लागत नाही. जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या, सौंदत्तीच्या यल्लम्मेला सोडलेल्या जोगतिणी आपल्या आजी-पणजींनी पाहिल्या आहेत. दक्षिणेत देवळासमोर नृत्यगायनाची सेवा करणाऱ्या घराण्यांना एके काळी मोठा मान होता. संगीत आणि नृत्य त्यांनीच जतन केले. त्या बायका लिहिण्यावाचण्यात हुशार असत आणि त्यांची स्वतःची मालमत्ता असे. परंतु राजे गेले, देवळांचे उत्पन्न आटले आणि देवाशी लग्न लावलेल्या मुलीचा सांभाळ गावातील धनिकाने करावयाचा, एवढेच पुष्कळ ठिकाणी उरले. ज्या वयात मुलगी भातुकली खेळते, त्या वयात तिच्या गळ्यात देवाच्या नावाने ताळी बांधली जाई. ताळी म्हणजे तिकडचे मंगळसूत्र.

मुत्तुलक्ष्मीबाईंना कॉलेजात जावयाचे होते. कॉलेज मुलग्यांचे. मुलगी वर्गात बसली तर मुलगे बिघडतील, अशी पालकांची ओरड झाली. महाराजांनी ती मनावर न घेता प्रवेश द्यावा असा हुकूम केला, म्हणून त्या शिकल्या. १९०७ साली त्या मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गेल्या आणि १९१२ साली सुवर्णपदके मिळवून डॉक्टर झाल्या. आपल्या देशातील अगदी पहिल्या स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते. १९१४ साली त्यांनी डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी विवाह केला. मला बरोबरीची मानावे आणि माझ्या कामात आड येऊ नये, ही अट त्यांनी आधीच घातली होती, आणि त्या गृहस्थांनी ती पाळली. (असे गृहस्थ त्या काळी होते, हे मुद्दाम नमूद करते.)

पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर स्त्रिया व मुले यांच्या रोगांचा विशेष अभ्यास करण्यासाठी त्या विलायतेला जाऊन आल्या. परत आल्यावर त्यांचा दवाखाना उत्तम चालला असता. परंतु मद्रासमधील स्त्रियांच्या संघटनेने कायदेमंडळासाठी त्यांचे नाव सुचविले, आणि १९२७ साली त्या मद्रास कायदेमंडळात नियुक्त सभासद म्हणून गेल्या. ब्रिटिश हिंदुस्थानातील त्या पहिल्या स्त्री-आमदार. सभागृहाने त्यांना एकमताने उपाध्यक्ष निवडले. रोग्यांचे हाल होतील म्हणून त्या आधी कां-कूं करीत होत्या, हे मला फार आवडले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी ठराव आणला की, देवळांना मुली वाहण्याची चाल बंद करण्यासाठी सरकारने कायदा करावा. ठराव मंजूर झाला. ठराव मंजूर होणे म्हणजे काम होणे नव्हे, हे मंडळात काम केलेल्या आपण सर्वजणी जाणतोच.

येथे त्यांच्या बुद्धीची खरी ओळख पटते. मुली का वाहिल्या जातात, याचे धर्म हे उत्तर सगळेच देत होते. मुत्तुलक्ष्मीबाईंनी सात-बारा पाहावा तसा प्रश्न पाहिला. देवळाने देवदासीच्या घराला सेवेबद्दल इनाम जमीन दिलेली असे. घरात सेवा करणारी मुलगी असेल तोवर जमीन. सेवा संपली की जमीन देवळाची. म्हणजे ज्या आईला आपल्या लेकीचे लग्न लावून द्यावेसे वाटे, तिच्या पायाखालची जमीन जाई. मग निदान एक तरी मुलगी देवाला सोडावयाची आणि बाकीच्यांची पोटे भरावयाची. चाल टिकली होती ती अशी. म्हणून नुसती बंदी न घालता त्यांनी प्रथम १९२६ च्या धर्मादाय कायद्यात दुरुस्ती मांडली. ती १९२९ साली कायदा होऊन आली. या दुरुस्तीने इनाम जमिनी सेवेच्या अटीतून मोकळ्या झाल्या. बाईने ठरलेला सारा भरावा आणि जमीन आपल्याकडे ठेवावी. त्यासाठी मुलगी देण्याचे कारण नाही. आधी भाकरी सुरक्षित केली आणि मग बंदीकडे वळल्या. कायदे करणाऱ्यांना हा क्रम नेहमी सुचतो असे नाही.

विरोध दोन्हीकडून झाला. सनातनी मंडळी देवळाची सेवा बुडेल म्हणून रागावली, आणि काँग्रेसचे पुढारी सत्यमूर्ती यांच्यासारखे नामांकित वक्तेही परंपरेच्या बाजूने उभे राहिले. दुसरा विरोध खुद्द देवदासींचा होता. बंगळूर नागरत्नम्मा या विख्यात गायिका त्यांत पुढे होत्या. आम्ही कलावंत आहोत, आम्हांला सरसकट वेश्या का ठरविता, आमच्या बायकांना मालमत्तेचा जो हक्क आहे तो हिरावून का घेता, असे त्यांचे म्हणणे होते. उलट बाजूला मूवलूर रामामिर्तम अम्माळ यांच्यासारख्या त्याच समाजातून आलेल्या बाई गावोगाव फिरून ही चाल मोडा असे सांगत होत्या.

मुत्तुलक्ष्मीबाईंच्या थोरवीला बाध न आणता मला येथे एक गोष्ट लिहिली पाहिजे. नागरत्नम्मांच्या म्हणण्यात तथ्य होते. आपल्या आईच्या समाजाविषयी मुत्तुलक्ष्मीबाई कित्येकदा फार कठोर शब्दांत बोलल्या. सगळ्यांना एकाच मापाने मोजले. पुढे असे झाले की, देवदासींच्या घरचे नृत्य प्रतिष्ठित घरांतील मुली रंगमंचावर करू लागल्या, टाळ्या त्यांना मिळाल्या, आणि ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्यांच्या घरी दारिद्र्य आले. हे सगळे एकट्या मुत्तुलक्ष्मीबाईंच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण ज्यांच्यासाठी कायदा करावयाचा त्यांनाच तो करताना विचारावे, एवढे तरी ह्यातून दिसते.

१९३० साल त्यांच्या आयुष्यात फार धामधुमीचे गेले. कुंटणखाने चालविणारे आणि मुली पळवून आणून विकणारे दलाल यांच्याविरुद्धचा मद्रासचा कायदा त्या साली झाला. त्यासाठीही त्या झटल्या होत्या. देवदासी वाहण्यावर पुरी बंदी घालणारे विधेयक त्यांनी मांडले. ते लोकांच्या मतासाठी फिरू लागले. इतक्यात मिठाचा सत्याग्रह झाला, गांधीजींना अटक झाली आणि निषेध म्हणून मुत्तुलक्ष्मीबाईंनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला. विधेयक तसेच पडून राहिले. ते कायदा होऊन बाहेर पडले १९४७ साली, म्हणजे पहिल्या ठरावानंतर वीस वर्षांनी. दरम्यान आपल्या मुंबई इलाख्यात १९३४ साली तसा कायदा झाला होता. आपल्याकडे या कामाला त्याहून कितीतरी आधी सुरुवात झाली होती : पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली काढलेल्या आपल्या पत्रातून मुरळ्या सोडण्याविरुद्ध लेखणी चालविली होती. असे असूनही कर्नाटकाला १९८२ साली आणि महाराष्ट्राला २००५ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला, यावरून केवळ बंदीने चाल किती मोडते हे कळते.

आता ते ठिकाण, जेथे माझे बोट थांबले होते.

त्याच १९३० साली एका रात्री तीन मुली मुत्तुलक्ष्मीबाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. देवदासी घरच्या, देवाला वाहून घ्यावयाचे नाही म्हणून घर सोडून आलेल्या. बाईंनी त्यांना मद्रासमधील मुलींच्या वसतिगृहात ठेवण्याची खटपट केली. त्या काळी तिकडे ब्राह्मण मुलींची वसतिगृहे वेगळी, ब्राह्मणेतर मुलींची वेगळी. दोन्हीकडे ह्या मुलींना जागा नव्हती. वसतिगृहे चालविणारी माणसे काही दुष्ट नसणार. आपल्याकडे इतरांच्या मुली आहेत, उद्या त्यांचे आईबाप काय म्हणतील, एवढाच त्यांचा विचार असेल. आमच्या बैठकीत अर्धा तास तोच चालला होता.

ज्या बाईच्या ठरावाला सबंध सभागृहाने मान दिला, तिला तीन मुलींसाठी तीन खाटा मिळेनात. तेव्हा त्यांनी मुलींना स्वतःच्या घरात ठेवून घेतले. पदरी नवरा, मुले, दवाखाना, राजकारण. तरी ठेवून घेतले. त्यांतूनच अव्वै होम निघाले. अव्वैयार या प्राचीन तमिळ संतकवयित्रीचे नाव त्यांनी त्या घराला दिले. पतितांचा आश्रम, उद्धारगृह, असले नाव दिले नाही. पाटीवरच्या नावाने मुलीच्या कपाळी काय लिहिले जाते, हे त्यांना ठाऊक होते. तेथे मुलींना शाळा शिकविली, कोणाला शिक्षिका केले, कोणाला परिचारिका. पुढे ते अड्यारला मोठ्या जागेत गेले. शाळा वाढली, शिक्षिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. निराधार मुलींसाठी कोणत्या जातीची, कोणाची, असे न विचारता दार उघडे ठेवावयाचे, हा तेथील नियम.

उरलेले आयुष्य थोडक्यात सांगते. धाकट्या बहिणीला कर्करोगाने गेलेली पाहिल्यापासून त्यांच्या मनात त्या रोगाचे रुग्णालय होते. ते १९५४ साली अड्यारला सुरू झाले आणि आज देशभर नावाजलेले आहे. पुष्कळांना त्यांचे नाव ठाऊक असते ते त्यामुळेच. १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २२ जुलै १९६८ रोजी, एक्क्याऐंशी वर्षे पूर्ण होऊन गेल्यावर, त्या वारल्या.

१९५६ हेच आपल्या देशाच्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचेही वर्ष. देहविक्रयासाठी माणसांचा व्यापार थांबविण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९५० साली सही केली होती, त्याला अनुसरून तो झाला. १९८६ साली त्यात दुरुस्ती झाली. फसवून किंवा धाकाने माणसांना नेऊन विकणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून फौजदारी कायद्यात २०१३ साली नीट लिहिला गेला. सोडविलेल्या मुलींना ठेवण्यासाठी संरक्षणगृहे असावीत, हेही १९५६ च्या कायद्यातच आहे. परंतु संरक्षणगृहातून ती मुलगी केव्हा तरी बाहेर पडणार. भाड्याची खोली मागणार, नोकरी मागणार, शिवणवर्गाला नाव घालणार. त्या वेळी दारात पोलीस नसतो, न्यायाधीश नसतो, तुम्ही-आम्ही असतो.

मी गेल्या वर्षी त्या अधीक्षिकांचा पत्ता काढून संरक्षणगृहात गेले. त्या बदलून गेल्या होत्या. त्या मुलीविषयी नव्या बाईंना काहीच सांगता आले नाही, आणि असते तरी त्यांनी ते मला सांगणे योग्य नव्हते. परत येताना बसमध्ये मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते.

आपल्या शिवणवर्गाच्या प्रवेशअर्जात पाचव्या ओळीत वडिलांचे अथवा पतीचे नाव विचारले आहे आणि सातव्या ओळीत दोन सभासदांची शिफारस मागितली आहे. ब्लाऊज कापावयास शिकण्यासाठी यांची काय गरज, हे कोणी विचारलेले मला आठवत नाही. मीही कधी विचारले नाही. या दोन्ही ओळी काढून टाकाव्यात आणि दर वर्षी दोन यंत्रे संरक्षणगृहातील मुलींसाठी राखून ठेवावीत, अशी सूचना मी लेखी दिली आहे. पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत ती सहाव्या विषयात येईल. अनुमोदक अजून मिळावयाचा आहे.