छिद्रांचा हिशेबनीस : हर्मन हॉलरिथ

आमच्या भूगोल विभागाने गेल्या वर्षी एका गावातील कुटुंबांची पाहणी केली होती. प्रश्नावल्यांचे गठ्ठे कपाटावर धूळ खात पडले होते. सरांनी ते काम माझ्या गळ्यात घातले. कारण काय, तर मला टंकलेखन येते! विभागातील संगणकावर ‘पोस्टग्रेस’ ही विनामूल्य मिळणारी डेटाबेस-प्रणाली बसवायची आणि सारी माहिती तीत भरायची, असे ठरले.

बसविताना तिने मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड आणि पोर्टचा क्रमांक विचारला. ५४३२ हा आकडा तिनेच सुचविला. मी मुकाट्याने ठेवला. पासवर्ड मात्र विसरलो, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या डेटाच्या फोल्डरसकट सगळे पुसून पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. देवनागरी नावांची प्रश्नचिन्हे होऊ नयेत म्हणून अक्षरांची पद्धत यूटीएफ-८ निवडली. खरा घोळ पुढेच झाला. तक्ता तयार करताना स्तंभ कोणते, कशात आकडा यायचा, कोणता रिकामा चालेल, हे आधीच सांगावे लागते. वयाचा स्तंभ मी ‘नॉट नल’ केला, म्हणजे रिकामा चालणार नाही. एका आजींच्या वयापुढे काहीच लिहिलेले नव्हते. यंत्र ती ओळ घेईना. मी ६५ ठोकले आणि पुढे गेलो.

रात्री मात्र चैन पडेना. माणसाला स्तंभांत बसविण्याची ही कल्पना कोणाची, याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा हॉलरिथ भेटला.

हर्मन हॉलरिथचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी अमेरिकेतील बफेलो येथे, जर्मनीतून आलेल्या कुटुंबात झाला. शब्दांचे स्पेलिंग हा त्याचा शाळेतला शत्रू. त्या तासाला तो खिडकीतून उडी मारून पळत असे, असे सांगतात. (आमच्यापैकी कित्येकांना हे वाचून धीर येईल!) १८७९ मध्ये कोलंबियाच्या खाणविद्या विभागातून तो अभियंता झाला आणि आपल्या प्राध्यापकांबरोबर १८८० च्या जनगणनेच्या कामावर गेला. पाच कोटी माणसांची माहिती कारकून हातांनी, रेघा मारून मोजत होते. ते काम सात वर्षांहून अधिक काळ चालले. म्हणजे पुढची जनगणना दाराशी येऊन उभी राहिली तरी मागचीच उरकत होती.

हे काम यंत्राने व्हायला हवे, हा विचार त्याच कचेरीतील डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी त्याच्यापुढे मांडला. मध्यंतरी हॉलरिथने एमआयटीत शिकविले, पेटंट कचेरीत नोकरी केली, पण डोक्यातून ते जाईना. प्रथम त्याने कागदाच्या लांब फितीला भोके पाडून पाहिली. पण फितीत एका माणसाची माहिती शोधायची तर सगळी फीत सोडावी लागे. वाट दाखविली ती आगगाडीच्या प्रवासाने. त्या काळी तिकिटाची अदलाबदल होऊ नये म्हणून कंडक्टर तिकिटाच्या कडेला छिद्रे पाडून प्रवाशाचे वर्णन नोंदवीत : केस फिके की गडद, नाक केवढे. प्रत्येक माणसाचे असे स्वतंत्र कार्ड केले तर?

कार्डावर ठरलेल्या जागी छिद्र पाडायचे. कार्ड यंत्रात ठेवून दांडा खाली दाबला की स्प्रिंगवरच्या सुया छिद्रांतून खालच्या पाऱ्याच्या वाट्यांत बुडत. विजेचे मंडल पूर्ण होई, तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके आणि शेजारच्या पेटीतील योग्य कप्प्याचे झाकण उघडे. छिद्र नसेल तेथे सुई अडे. एवढीच युक्ती!

१८८९ मध्ये तीन पद्धतींची स्पर्धा झाली. सेंट लुईस येथील १०,४९१ माणसांची माहिती तिघांना दिली गेली. माहिती उतरविण्यास हॉलरिथला सुमारे साडेबाहत्तर तास लागले, इतरांना ११० आणि १४४. मोजणीला त्याला साडेपाच तास पुरले. इतर दोघांना ४४ आणि ५५ तासही पुरले नाहीत. १८९० च्या जनगणनेचे काम त्याला मिळाले आणि सव्वासहा कोटींचा प्राथमिक आकडा काही आठवड्यांत जाहीर झाला. त्याच वर्षी कोलंबियाने त्याला डॉक्टरेट दिली, आणि त्याच वर्षी त्याचे लग्नही झाले.

तो यंत्रे विकत नसे, भाड्याने देई. १८९६ मध्ये त्याने कंपनी काढली. रशियाच्या १८९७ च्या जनगणनेतही त्याची यंत्रे होती. स्वभाव मात्र हट्टी. भाड्यावरून जनगणना खात्याशी बिनसले, खात्याने स्वतःची यंत्रे करवून घेतली, हा कोर्टात गेला आणि हरला. माझ्या मते इथे चूक त्याचीच होती. १९११ मध्ये त्याची कंपनी इतर कंपन्यांत विलीन झाली. त्या एकत्रित कंपनीचेच १९२४ मध्ये आयबीएम झाले. याच आयबीएममध्ये काम करताना एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांवर आधारलेली डेटाबेसची कल्पना मांडली, आणि माझी ‘पोस्टग्रेस’ त्याच घराण्यातली. हॉलरिथ १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टनला वारला.

इथेच थांबता आले असते. पण १८९० च्या कार्डाचा नमुना पाहताना वंशाच्या रकान्यांशी अडखळलो. गोरा, काळा, चिनी, जपानी यांच्याबरोबर कोणात किती हिस्सा काळे रक्त, यासाठीही वेगवेगळी छिद्रे होती. रकाने सरकारने ठरविले, छिद्रे हॉलरिथची. पुढे १९३३ साली, नाझी राजवटीत, प्रशियातील जनगणनेची मोजणी त्याच्याच नावाच्या जर्मन कंपनीने केली. त्या कार्डांवर धर्माचा स्तंभ होता. तोवर त्याला जाऊन चार वर्षे झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वयाच्या स्तंभावरची अट काढली आणि आजींच्या ओळीतले ६५ पुसले. आणखी अकरा ओळींत मी असेच अंदाज ठोकलेले निघाले. त्या बारा प्रश्नावल्या गठ्ठ्यातून काढून वेगळ्या बांधल्या आहेत. परीक्षा संपली की त्या घेऊन गावात जायचे, असे सरांशी बोलून ठेवले आहे.