नात्यांचे बीजगणित मांडणारा डी मॉर्गन

घोडा हा प्राणी. म्हणून घोड्याचे डोके हे प्राण्याचे डोके. यात काय मोठेसे, असे वाटेल. पण ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राला एवढेही सिद्ध करता येत नाही, हे ऑगस्टस डी मॉर्गनने दाखवले.

हा इंग्रज गणिती 1806 मध्ये मदुराईला जन्मला. तान्हेपणीच त्याचा एक डोळा गेला. केंब्रिजला बी.ए. झाला, परंतु एम.ए.साठी धर्ममताच्या कबुलीवर सही करावी लागे. ती त्याने केली नाही. एका सहीपायी पुढची पदवी गेली आणि फेलोशिपही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पदवी सोडणे म्हणजे काय, हे मला त्याच्या गणिताआधी कळले.

1828 मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो लंडनच्या नव्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. सहकाऱ्याला काढले म्हणून 1831 मध्ये राजीनामा दिला. 1836 मध्ये परतला.

1860 च्या निबंधात त्याने नात्यांनाच चिन्हे दिली. बाप आणि भाऊ ही दोन नाती जोडली की काका हे तिसरे मिळते! पुढे 1970 मध्ये एडगर कॉडने संगणकातील माहितीचे तक्ते संबंध मानून त्यांचे बीजगणित रचले. तिथे एका चौकटीत एकच मूल्य. पण रेशनकार्डावर एका कुटुंबात माणसांची यादी असते, म्हणजे तक्त्यात तक्ता. त्यासाठी 1980 नंतर ओळींची घडी घालण्याच्या आणि उलगडण्याच्या क्रिया आल्या. मात्र आतली यादी रिकामी असली, तर उलगडताना ती ओळच गळते.

धर्ममतावरून एकाची नेमणूक नाकारली, म्हणून 1866 मध्ये डी मॉर्गनने पुन्हा राजीनामा दिला. 1871 मध्ये तो वारला. एडिंबरा विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवीही त्याने घेतली नव्हती.