एका फुफ्फुसाचे गाणे

शिवपुत्र कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी गावी झाला. लहानपणीच्या अलौकिक गाण्यामुळे ते ‘कुमार गंधर्व’ झाले. मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे ते शिकले.

ऐन उमेदीत क्षयाने गाठले! त्या काळी छातीत हवा भरून रोगट फुफ्फुस मिटवीत, बरगड्या कापीत, नाहीतर तेवढा भाग कापून काढीत. हवापालटासाठी कुमार १९४८ साली देवासला आले. गाणे बंद झाले. पत्नी भानुमतीबाईंची शुश्रूषा आणि स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध यांनी ते वाचले. पण एक फुफ्फुस कायमचे निकामी झाले.

एका फुफ्फुसावर माणूस जगतो, हे अमेरिकेत डॉ. ग्रॅहम यांनी १९३३ साली रुग्णाचे सबंध फुफ्फुस काढून दाखविले होते. एका फुफ्फुसावर गाताही येते, हे कुमारांनी दाखविले. लांब दम उरला नाही, तेव्हा छोट्या, धारदार स्वरांतून त्यांनी नवी गायकी घडविली. आजारपणात कानी पडलेल्या माळव्याच्या लोकगीतांतून नवे राग निर्माण केले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासला ते निवर्तले.

आमच्या राहूसारख्या गावांत खोकला लपविणारे, औषध अर्ध्यावर सोडणारे आजही भेटतात. त्यांना हे चरित्र सांगावेसे वाटते. औषध पुरे घ्यावे. उरलेल्या दमावरही आयुष्य उभे राहते.