रांपणकारांचे कैवारी माथानी साल्ढाणा

वाकड हे मुळेच्या काठचे गाव. घाट उतरल्यावाचून येथील मनुष्यास समुद्राचे दर्शन होत नाही. तरी बर्फात घातलेले बांगडे व कोळंबी आमच्या बाजारात येतात आणि आम्ही भाव करून ती घरी नेतो. ही मासळी कोणी धरली, कशी धरली आणि पुढील वर्षी तितकीच मिळेल की नाही, हा विचार आमच्या मनास क्वचितच शिवतो. ज्या गृहस्थांनी हाच विचार आपले जीवितकार्य मानिला, त्या गोव्याच्या माथानी साल्ढाणा यांचा परिचय आम्ही आज करून देत आहो. ते २०१२ साली निवर्तले. आमच्या खालच्या इयत्तांतील मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

साल्ढाणा हे व्यवसायाने शाळामास्तर. ज्या कोळ्यांची बाजू त्यांनी घेतली, त्यांचा धंदा आधी समजून घेतला पाहिजे. गोव्याच्या किनाऱ्यावर रांपण नावाचे एक प्रचंड जाळे फार जुन्या काळापासून चालत आले आहे. होडीतून ते अर्धवर्तुळाकार सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि मग कित्येक माणसे मिळून ते वाळूवर ओढतात. ओढणाऱ्या प्रत्येकास त्यात वाटा असे. बांगडे व तारली यांचे थवे किनाऱ्याजवळ आले तरच रांपण भरे. न आले तर साऱ्या वाड्यावर उपासमारीची पाळी येई.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. त्यानंतर सरकारने कर्जे व सवलती देऊन ट्रॉलर नावाच्या यांत्रिक नौकांस उत्तेजन दिले. कोळंबीला परदेशात मोठा भाव होता आणि कोळंबी राहते उथळ पाण्याच्या तळाशी. सबब, खोल समुद्रात जावयाच्या ह्या नौका किनाऱ्यालगतच फिरू लागल्या. ट्रॉलरचे जाळे जड फळ्यांनी उघडे ठेवून तळावरून फरफटत नेतात. ते तळ खरवडते, अंडी व पिले यांचा आसरा नाहीसा करते, आणि बारीक आसाचे असल्यामुळे लहान-मोठे सारेच गोळा करते. नको असलेली मासळी मेलेल्या स्थितीत पुन्हा पाण्यात टाकली जाते. ह्या नौकांनी कोळ्यांची जाळीही फाटू लागली. भांडवल एकाचे, नुकसान मात्र शेकडो घरांचे, अशी अवस्था झाली.

१९७० नंतरच्या दशकात रांपणकारांनी आपला एकवट उभारला आणि साल्ढाणा त्याचे पुढारी झाले. ट्रॉलर अजिबात बंद करा, अशी त्यांची मागणी नव्हती. यंत्राच्या नौकांनी खोल पाण्यात जावे आणि किनाऱ्याजवळची पट्टी हातजाळ्यांस व मासळीच्या पैदाशीस राखून ठेवावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. यासाठी मोर्चे निघाले, उपोषणे झाली. निर्यातीने देशास परकीय चलन मिळते, असे प्रतिपक्षाचे उत्तर होते आणि ते अगदीच निराधार नव्हते. परंतु बियाणेच विकून खाणाऱ्या शेतकऱ्याची श्रीमंती किती दिवस टिकते?

हे दुःख एकट्या गोव्याचे नाही, हे साल्ढाणांनी ओळखिले. केरळ, तमिळनाडू आदी प्रांतांतील कोळ्यांशी हातमिळवणी होऊन १९७८ साली पारंपरिक मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच स्थापन झाला आणि त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुढे हाच मंच नॅशनल फिशवर्कर्स फोरम ह्या नावाने प्रसिद्धीस आला. १९८० साली गोव्यात व केरळात आणि १९८१ साली आपल्या महाराष्ट्रात सागरी मासेमारीच्या नियमनाचे कायदे झाले. गोव्यात किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंतचे पाणी पारंपरिक होड्यांसाठी राखून ठेवण्यात आले.

तथापि कायदा झाला म्हणजे काम संपले, असे नव्हे. काळोख्या रात्री समुद्रावर रेषा कोण पाहणार? ट्रॉलर पट्टीत शिरतच राहिले आणि रांपणकारांची गाऱ्हाणीही चालूच राहिली. साल्ढाणा पुढे कुठ्ठाळी मतदारसंघातून विधानसभेवर निवडून गेले. मार्च २०१२ मध्ये त्यांस मंत्रिपद मिळाले. पण महिनाही लोटला नाही तोच, २१ मार्च रोजी, त्यांचा अंत झाला. त्यांच्या पश्चात नवी संकटे उद्भवली. प्रखर विजेच्या दिव्यांनी मासळीस भुलवून पकडण्याची रीत केंद्र सरकारास २०१७ साली मना करावी लागली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा काळ यांत्रिक मासेमारीस बंद असतो, तो मासळीच्या विणीचा काळ म्हणूनच.

समुद्रातील मासळी अक्षय आहे, असे मत हक्स्ले ह्या विख्यात शास्त्रज्ञाने १८८३ साली लंडनमध्ये मांडिले होते. पुढे १९९२ साली कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा इतका आटला की ती मासेमारीच बंद करावी लागली. विद्वानाचा हा अदमास चुकला. वाळूवर दोर ओढणाऱ्या निरक्षर कोळ्यास मात्र थव्यांच्या येण्या-न येण्यावरून खरे काय ते कळत होते. त्याचे ते ज्ञान सरकारदरबारी पोहोचविणारा मनुष्य हवा होता आणि गोव्यात ते काम एका शाळामास्तराने केले.

विद्यार्थी मित्रहो, आपण शिकतो ते कशासाठी, ह्या प्रश्नाचे एक उत्तर ह्या चरित्रात आहे. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याचा अर्ज आपण लिहावा. आणि बाजारात बोटाएवढी मासळी स्वस्त मिळाली, तर ती घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ती वाढली असती तर कोणाचे तरी घर तिच्यावर चालले असते.