कविवर्य मोरोपंत

वेळणेश्वरास समुद्राच्या काठी शंकराचे देऊळ आहे. कोकणातील अशा देवळांच्या सभामंडपात उत्सवप्रसंगी कीर्तन लागले म्हणजे गावकरी मुलाबाळांसह रात्री उशिरापर्यंत बसून राहतात. कर्णाच्या रथाचे चाक रुतणार, लंका जळणार, हे सर्वांस ठाऊक असते; तथापि कोणी उठून जात नाही. ठाऊक असलेलीच कथा नव्याने ऐकण्याची ही गोडी ज्यांनी मराठीत शिगेस नेली, त्या मोरोपंतांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

पंतांचे पराडकर घराणे मूळचे आपल्याच जिल्ह्यातील, राजापूर तालुक्यातल्या सौंदळ गावचे. वडील रामाजीपंत पन्हाळ्यास जाऊन राहिले व तेथे १७२९ साली पंतांचा जन्म झाला. केशव पाध्ये व गणेश पाध्ये ह्या बंधूंजवळ त्यांचे संस्कृताचे अध्ययन झाले. पुढे ऐन तारुण्यात ते बाबूजी नाईक ह्यांच्या आश्रयास बारामतीस आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. नाइकांच्या वाड्यात पुराण सांगणे हे त्यांचे काम. श्रोते तेच आणि पुराणेही तीच! त्यांच्या काव्याचे मूळ ह्या नित्यकर्मातच असावे, असे आम्हांस वाटते.

त्यांनी एकट्या रामकथेवर १०८ रामायणे रचिली अशी ख्याती आहे. त्यांतील निरोष्ठ रामायणाचा प्रकार तर विलक्षणच. त्यात ओठांस ओठ लागेल असे अक्षर यावयाचे नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. अर्थात कथानायकाचे राम हे नावच घेता येत नाही! लक्ष्मण, भरत, हनुमान हेही बाद. अशा चार ओळी रचण्याचा यत्न आम्ही वर्गात एकदा करून पाहिला; दुसऱ्याच ओळीत आमचे ओठ मिटले.

ही केवळ शब्दांची कसरत होय, तीत रस नाही, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे. काही रामायणांपुरता तो खराही आहे. परंतु व्यासांचे अफाट महाभारत सुमारे १७ हजार आर्यांत आणणारे आर्याभारत ज्याने वाचले, तो असे सरसकट म्हणणार नाही. तेथे कर्ण, भीष्म, द्रौपदी जणू आपल्या घरच्या माणसांप्रमाणे मराठीत बोलतात. शिवाय ह्याच पंडिताने सीतागीत, सावित्रीगीत अशी साधी गीतेही लिहिली. एकच चरित्र चौघा शुभवर्तमानकारांनी चार परींनी सांगितलेले आम्ही नित्य वाचतो. तेव्हा पंतांची ही हौस आम्हांस परकी वाटत नाही.

तथापि त्यांची संस्कृतप्रचुर आर्या सामान्य जनांस कठीणच होती. ती पोथीतच राहती. सोलापूरचे शाहीर रामजोशी लावणी सोडून कीर्तनाकडे वळले, त्यांनी ती आपल्या खड्या गळ्यावर घेतली आणि ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांच्याही कानी ती पोहोचली. पंत १७९४ साली चैत्री पौर्णिमेस बारामतीस निवर्तले. पुढेही कीर्तनकार आख्यान लावताना त्यांच्याच आर्या म्हणत राहिले.