लंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ

ज्युबिलीचे वर्ष म्हणजे ईश्वराचे उपकार आठवण्याचे वर्ष होय. अशा प्रसंगी मंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोणी अर्पण केली, वेदी केव्हा उभी राहिली, ह्या गोष्टी आपण आदराने नोंदवितो, व ते योग्यच आहे. परंतु दगडाचुन्याच्या मंदिरापूर्वी माणसांचे मंदिर उभारावे लागते. एकाने दुसऱ्यास प्रार्थना शिकवावी, दुसऱ्याने तिसऱ्याचा हात धरून त्यास वेदीपर्यंत आणावे, थोरांनी लहानांस श्रद्धेत वाढवावे, ह्याच रीतीने ख्रिस्तसभा पिढ्यानपिढ्या टिकून राहिली आहे. ह्या कार्यात ज्यांचे जीवन आपणांस दीपस्तंभाप्रमाणे उपयोगी पडेल असे एक धर्मगुरू आपल्या शेजारच्या गोमंतकात जन्मास आले. त्यांचे नाव संत जोसेफ वाझ. त्यांचे चरित्र आपल्या वाचकांपुढे थोडक्यात ठेवण्याचा येथे विचार आहे.

जन्म व शिक्षण

जोसेफ वाझ यांचा जन्म दिनांक 21 एप्रिल 1651 रोजी साष्टी प्रांतातील बाणावली गावी, आपल्या आजोळी झाला. त्यांचे पिताजी ख्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे रहिवासी. मातोश्रींचे नाव मारिया द मिरांद. घराणे प्रतिष्ठित व धर्मशील होते. जन्मानंतर आठव्या दिवशी बाणावलीच्या मंदिरात बाळास बाप्तिस्मा देण्यात आला. पोर्तुगीज व लॅटिन भाषांचे पहिले धडे गावीच गिरवून पुढे त्यांनी गोवे शहरात येशूसंघीयांच्या संत पावलाच्या विद्यालयात साहित्याचे, आणि डोमिनिकन गुरूंच्या संत थॉमस अक्वायनस विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे व ईशज्ञानाचे अध्ययन केले. सन 1676 मध्ये त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

दीक्षा मिळताच त्यांनी पायातील जोडे काढून ठेवले. त्या काळी गोव्यातील गरीब लोक अनवाणी चालत; आपणही त्यांच्यासारखेच चालावे असा त्यांचा निश्चय होता. सांकवाळ येथे त्यांनी एक लहानशी शाळा काढली व गुरुपदाची इच्छा बाळगणाऱ्या मुलांस लॅटिन शिकविण्यास आरंभ केला. पुढे ज्या कामासाठी ते अमर झाले त्याचे बीज ह्या गावच्या शाळेतच दिसते. उपदेश करून निघून जाणारे ते धर्मगुरू नव्हते. मुलांजवळ बसून, त्यांची चूक दुरुस्त करीत, धीराने त्यांस पुढे नेणारे ते गुरू होते. सन 1677 च्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी एक लेख लिहून स्वतःस पवित्र मरियामातेचे दास म्हणून अर्पण केले. हे समर्पण त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याचे मूळ होय.

कानडा प्रांत व ओरेटरी

सन 1681 मध्ये त्यांस कानडा प्रांतात पाठविण्यात आले. तेथे विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांस गोळा करणे, मोडकळीस आलेली मंदिरे सावरणे, मुलांसाठी शाळा उघडणे हे काम त्यांनी तीन वर्षे केले. त्याच वेळी गोव्याचा अधिकार व रोमहून नेमलेल्या बिशपांचा अधिकार ह्यांत तंटा चालू होता. अशा तंट्यात श्रद्धाळू जनांचेच नुकसान होते हे ओळखून जोसेफ वाझ यांनी आपल्या वरिष्ठांची आज्ञा पाळली, परंतु दुसऱ्या पक्षाशीही नम्रतेने वागून शांतता राखण्याचा प्रयत्न केला.

सन 1684 मध्ये ते गोव्यास परतले. त्या दिवसांत युरोपियन संन्यस्त संघांत देशी लोकांस सहसा प्रवेश मिळत नसे. गुरुदीक्षा घेतलेल्या गोमंतकीय पुरुषांसही संन्यस्त जीवनाचे दार बंद होते. ह्याविषयी नुसती तक्रार करीत न बसता काही देशी धर्मगुरू जुने गोवे येथील चमत्कारी पवित्र क्रुसाच्या मंदिरात एकत्र राहू लागले होते. सन 1685 मध्ये जोसेफ वाझ त्यांस जाऊन मिळाले व लवकरच त्यांचे वरिष्ठ निवडले गेले. रोम शहरात संत फिलिप नेरी यांनी सोळाव्या शतकात स्थापिलेल्या ओरेटरीच्या धर्तीवर त्यांनी ह्या मंडळीस शिस्त व नियम दिले. भारतातील देशी पुरुषांची ही पहिली धर्मसंघटना होय. लंकेतील लोकांस पुढे दीड शतक जे धर्मगुरू लाभले ते ह्याच घरातून गेले. तेव्हा संतांनी स्वतः लंकेस जाण्यापूर्वी आपल्यामागून येणाऱ्यांसाठी घर उभारून ठेवले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

धर्मगुरूविना तीस वर्षे

त्या काळी लंकेतील ख्रिस्ती लोकांची स्थिती फार शोचनीय होती. वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, 1656 साली कोलंबो व 1658 साली जाफना पोर्तुगीजांपासून जिंकून घेतले. हे लोक कॅल्विनच्या पंथाचे असल्याने त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंस बेटाबाहेर घालविले, मंदिरे ताब्यात घेतली, आणि धर्मगुरूस आश्रय देणाऱ्यास देहदंडाची शिक्षा ठरविली. अशा रीतीने जवळजवळ तीस वर्षे त्या लोकांस मिस्साबलिदान मिळाले नाही, पापनिवेदन मिळाले नाही, मरणाऱ्यास अंतिम अभ्यंग मिळाले नाही. तरीही अनेक घरांतून आईबापांनी मुलांस जपमाळ शिकविली व गुप्तपणे धर्म जतन केला.

ही हकीकत ऐकून जोसेफ वाझ यांचे अंतःकरण कळवळले. वरिष्ठपद सोडून सन 1686 मध्ये ते गोव्याहून निघाले. 1687 साली तुतीकोरीनहून मजुराच्या वेषात त्यांनी समुद्र ओलांडला. बरोबर जॉन नावाचा विश्वासू सेवक होता. वादळात सापडून गलबत मन्नारच्या किनाऱ्यास लागले व तेथून उपाशीतापाशी ते जाफन्यास पोहोचले. तेथे ते अतिसाराने मरणोन्मुख झाले. पण एका दयाळू स्त्रीने त्यांस अन्न दिल्याने ते वाचले.

आता ख्रिस्ती लोक ओळखावे कसे? उघड विचारणे म्हणजे प्राणाशी गाठ. तेव्हा संतांनी गळ्यात जपमाळ घातली व भिक्षेच्या मिषाने ते दारोदार फिरू लागले. जपमाळ पाहून ज्यांच्या चेहऱ्यावर भाव उमटे ती घरे त्यांनी ध्यानात ठेविली. अखेर एका घरी विश्वास बसला आणि भिक्षेकरी हा धर्मगुरू आहे हे उघड झाले. पुढे सिल्लालै नावाच्या श्रद्धाळू गावी त्यांनी मुक्काम केला. रात्री मिस्साबलिदान, पापनिवेदन, बाप्तिस्मा व उपदेश. उजाडण्यापूर्वी दुसऱ्या गावी प्रयाण, असा क्रम दोन वर्षे चालला. 1689 च्या नाताळात डच शिपायांनी छापा घातला. धर्मगुरू निसटले, पण जमलेले लोक पकडले गेले. त्यांतील एकास मार खाऊन प्राणास मुकावे लागले, इतरांस बेड्या घालून सक्तमजुरीस पाठविले. त्यांपैकी कोणीही आपल्या धर्मगुरूचा ठावठिकाणा सांगितला नाही.

कँडीचा कारावास

पुढे पुत्तलमच्या भागात काम करून संत 1692 साली कँडीच्या स्वतंत्र राज्यात शिरले. तेथे एका फ्रेंच कॅल्विनपंथीयाने हे पोर्तुगीजांचे हेर आहेत अशी चुगली केल्याने राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांस कैदेत टाकले. कैदेत त्यांनी वेळ व्यर्थ घालविला नाही. त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली आणि पहारा सैल होताच तेथेच एक झोपडीवजा प्रार्थनामंदिर उभारले. शहरातील जुने ख्रिस्ती लोक हळूहळू तेथे जमू लागले.

पुढे मोठे अवर्षण पडले तेव्हा राजाने त्यांस पावसासाठी प्रार्थना करावयास सांगितले. संतांनी चौकात वेदी मांडून क्रूस ठेविला व गुडघे टेकले. पाऊस कोसळला, परंतु वेदी व संत कोरडे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. राजाने त्यांस राज्यभर धर्मप्रचाराची मोकळीक दिली. 1697 साली कँडीत देवीची साथ आली. लोक आप्तांस टाकून पळाले. पण संत व नुकतेच आलेले त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो यांनी रोग्यांस उचलून आणिले, त्यांच्या जखमा धुतल्या, मेलेल्यांस मूठमाती दिली. ख्रिस्ती, बौद्ध असा भेद त्यांनी केला नाही.

माणसे घडविण्याची रीत

आता ज्या गोष्टीसाठी हे चरित्र विशेषतः आपल्यापुढे ठेविले आहे तिजकडे वळू. एक धर्मगुरू आणि सारे बेट, अशी स्थिती पहिली नऊदहा वर्षे होती. एका गावास वर्षातून एखाद्या वेळी धर्मगुरूचे दर्शन घडे. बाकीचे दिवस त्या गावाने काय करावे? संतांनी ह्याचे उत्तर गावातच शोधिले. प्रत्येक ख्रिस्ती वस्तीत त्यांनी एक वडीलधारा, शीलवान गृहस्थ निवडून त्यास मूप्पु नेमले. त्याने वस्तीची काळजी वाहावी. दुसरा अण्णावी, त्याने रविवारी लोकांस जमवून प्रार्थना म्हणवाव्या, मुलांस धर्मतत्त्वे शिकवावी, आजाऱ्याजवळ बसावे, मरणाऱ्यास धीर द्यावा व प्रसंग पडल्यास बाप्तिस्मा द्यावा. ही माणसे शेतकरी, कोळी, कारागीर अशीच होती. संत गावी येत तेव्हा ते त्यांस आपल्याजवळ बसवीत, त्यांच्या शंका ऐकत, चुकले तेथे सुधारीत, आणि जाताना काम पुन्हा त्यांच्याच हाती सोपवीत. प्रार्थना व धर्मतत्त्वे तमिळ व सिंहली भाषांत तयार केल्याने त्या लोकांस ती तोंडपाठ करणे सोपे गेले.

आपल्यामागून आलेल्या धर्मगुरूंशीही त्यांची रीत तीच होती. 1705 साली दिवाडी बेटाचे फादर जाकोम गोन्साल्विस लंकेस आले. ते विद्वान होते. संतांनी त्यांचा गुण ओळखला व त्यांस नुसत्या फिरतीच्या कामास न जुंपता कँडीतील पंडितांकडे सिंहली भाषेच्या सखोल अभ्यासास बसविले. ह्याचे फळ असे की, गोन्साल्विस यांनी सिंहली व तमिळ भाषांत अनेक ग्रंथ लिहिले. सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचे जनक म्हणून आज त्यांचे नाव घेतात. त्यांच्या देववेदपुराणाचे नाव ऐकून आपल्या वाचकांस फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीत रचिलेले व 1616 साली छापिलेले ख्रिस्तपुराण आठवल्याशिवाय राहणार नाही. गुरूची खरी थोरवी शिष्याच्या कामात दिसते ती अशी. स्वतः संतांच्या नावावर मोठे ग्रंथ नाहीत. ज्याने ग्रंथ लिहिले त्यास त्यांनी वाट करून दिली.

अंतकाळ व वारसा

अतोनात श्रमाने त्यांचे शरीर झिजले. दिनांक 16 जानेवारी 1711 रोजी कँडी येथे, हाती पेटती मेणबत्ती व मुखी येशूचे नाव घेऊन, वयाच्या 59 व्या वर्षी त्यांनी प्राण सोडला. जे आयुष्यभर केले नाही ते मरणसमयी साधणे कठीण असते, अशा आशयाचा बोध त्यांनी शेवटी आपल्या सोबत्यांस केला. त्यांच्या मृत्युसमयी लंकेत सुमारे 70,000 कॅथलिक होते असे चरित्रकार सांगतात.

पुढे कँडीत छळ झाला व तेथील मंदिर पाडले गेले. संतांची समाधी कोठे होती हे आज कोणासही दाखविता येत नाही. गोव्यातील ओरेटरीही 1835 साली इतर संघांबरोबर बंद झाली. परंतु त्यांनी घडविलेली माणसे, त्या माणसांनी शिकविलेली मुले, व त्या मुलांची मुले श्रद्धेत राहिली. डच सत्ता 1796 साली गेली, ख्रिस्तसभा राहिली. दिनांक 21 जानेवारी 1995 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबो येथे त्यांस धन्य, आणि दिनांक 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरी संत म्हणून घोषित केले. त्यांचा सण 16 जानेवारीस पाळण्यात येतो.

आपणांस बोध

प्रिय बंधुभगिनींनो, ह्या ज्युबिलीच्या आनंदात आपण प्रत्येकाने स्वतःस एक प्रश्न विचारावा. लंकेप्रमाणे आपल्याही गावास तीस वर्षे धर्मगुरू मिळाला नाही, मंदिराच्या दारास कुलूप लागले, तर आपल्या घरी संध्याकाळची जपमाळ चालू राहील काय? आपली मुले क्रुसाची खूण कोणाकडून शिकतील? शेजारी मरणाच्या दारी असता त्याच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणणारा कोण निघेल? जाफन्याच्या अशिक्षित मातांनी ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कृतीने दिले. आपण शिकलेले आहोत. आपले उत्तर त्यांच्याहून उणे असू नये.

धर्मशिक्षण हे फक्त फादरांचे व सिस्टरांचे काम आहे, अशी समजूत पुष्कळांची असते. संत जोसेफ वाझ यांचे चरित्र ही समजूत खोडून काढते. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापिता म्हणून उभे राहणाऱ्याने त्या मुलाची वर्षानुवर्षे विचारपूस करावी. ज्येष्ठाने नवविवाहितांस आपल्या अनुभवाचा आधार द्यावा. गायकवृंदातील जाणत्याने नवशिक्यास हाती धरावे. चुकलेल्यास चारचौघांत न बोलता एकांतात सांगावे, आणि काम साधू लागताच ते त्याच्या हाती देऊन आपण मागे सरावे. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे. पण त्याशिवाय दुसरा अण्णावी तयार होत नाही.

पुढील ज्युबिली साजरी होईल तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजण ह्या जगात नसतील. त्या दिवशी वेदीभोवती जे जमतील ते आज आपल्या मांडीवर, आपल्या शेजारी, आपल्या वाडीत आहेत. त्यांस श्रद्धेत घडविण्याचे सामर्थ्य परमेश्वराने, मरियामातेच्या मध्यस्थीने व संत जोसेफ वाझ यांच्या विनवणीने, आपणां सर्वांस द्यावे, हीच प्रार्थना. आमेन.